सावलीची बाग आणि ऱ्होडोडेंड्रॉन

पागोळी | २६ मार्च, रात्री ९:४०

सिअ‍ॅटल परिसरात नवीन घर घेतलेल्या मंडळींचा दर वसंतात एक प्रश्न ठरलेला असतो. मागच्या अंगणात डग्लस फर आणि सिडारची सावली आहे, गवत धरत नाही, नुसतं शेवाळ माजतं, काय लावू? बहुतेकजण दरवर्षी गवताचं बी आणून ओततात, नाहीतर झाडं तोडायच्या गोष्टी करतात. झाडं तोडू नका. ती सावली हीच त्या बागेची श्रीमंती आहे. तिथे ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे गुच्छांनी फुलणारं झुडूप, लावा. गटावर दिलेली उत्तरं चार दिवसांत वाहून जातात, म्हणून इथे एकत्र लिहिते आहे.

हे झाड मुळातच जंगलाच्या छपराखालचं. इथला रानातला ऱ्होडोडेंड्रॉन मॅक्रोफिलम फरच्या झाडांखाली आपला आपण वाढतो. १८९२ साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाआधी, वॉशिंग्टनमधल्या बायकांनी मतदान करून राज्याचं फूल म्हणून त्याची निवड केली. आपल्याकडे गढवाल-कुमाऊंत ओकच्या जंगलात फुलतो तो लाल बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम. वरून गाळून येणारा उजेड, खाली कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत आम्लधर्मी जमीन, हवेत गारवा आणि ओल. बागेत एवढंच जमवायचं आहे. आमच्या भागात त्यातलं बरंचसं आयतं मिळतं.

पण सावली-सावलीत फरक असतो आणि अर्धी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. उंच फर, खालच्या फांद्या दहा-पंधरा फुटांपर्यंत काढलेल्या, दिवसभर कवडसे फिरत राहतात, अशी जागा उत्तम. घराची पूर्व बाजू तितकीच चांगली, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी घराची सावली पडते. उत्तर बाजू, वर आभाळ मोकळं असेल तर चालते. पश्चिमेचं दुपारचं ऊन, त्यातही पांढऱ्या भिंतीवरून परतणारं, टाळा. आणि सिडारच्या दाट घेराखालची कोरडी, काळोखी जागा सोडून द्या. पाऊससुद्धा तिथे खाली पोचत नाही. झाड लगेच मरत नाही, पण उजेडाकडे ताणत लांबडं होतं, पानं फक्त फांद्यांच्या टोकाला उरतात आणि कळ्या धरत नाहीत.

एक सोपी परीक्षा सांगते. जूनमध्ये भर दुपारी त्या जागी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर हात धरा. हाताची सावली पुसट पडली, बोटांच्या कडा विरलेल्या दिसल्या, तर जागा योग्य आहे. काठ स्वच्छ कापल्यासारखे दिसले तर ऊन जास्त. सावली ओळखूच आली नाही तर तिथे नेचे लावा, ऱ्होडो नको.

आता मुळं. ऱ्होडोडेंड्रॉन गेल्याच्या जेवढ्या हकिगती ऐकते, त्यातल्या बहुतेकांचं कारण मातीखाली सापडतं. खोल जाणारं सोटमूळ याला नसतं. बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरतात आणि ती केसांसारखी बारीक असतात. त्यांना हवा आणि ओल दोन्ही एकाच वेळी हवं असतं. आपल्या हाताला सवय खोल खड्डा खणायची, तळाशी शेणखत, मधे रोप, वर आळं. आंब्या-नारळाला ती रीत बरोबर आहे. इथे ती रोपाला बुडवते. सिअ‍ॅटलच्या बऱ्याच भागात वरच्या थोड्या मातीखाली हिमनदीने दाबून बसवलेला टणक थर लागतो. त्यात खणलेला खोल खड्डा ऑक्टोबर ते एप्रिल पाणी धरून बसतो आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज लागते.

म्हणून आधी निचरा बघा. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत उतरलं नाही तर जमिनीत लावूच नका. वर फूट-दीड फूट उंच, ऐसपैस वाफा करा. लोकांना हे जास्तीचं काम वाटतं, पण मूळकूज लागलेल्या झाडाला पुढे कुठलंही औषध खात्रीने वाचवत नाही. हेच काम पहिलं करायचं.

लावताना खड्डा रुंद आणि उथळ. नर्सरीतली रोपं पीट किंवा सालपटांच्या मिश्रणात वाढवलेली असतात. ते मिश्रण एकदा वाळलं की पाणी शोषायचं सोडतं, पाणी कडेकडेने वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून रोप आधी बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग मुळांचा गोळा हाताने मोकळा करा. कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं असतील तर धारदार सुरीने बाजूंनी तीन-चार उभे छेद द्या. ते करताना जीव कचरतो, पण तसंच गुंडाळलेलं लावलं तर मुळं त्या गोळ्याच्या बाहेर येतच नाहीत. गोळ्याचा माथा आजूबाजूच्या जमिनीच्या दोनेक इंच वर राहिला पाहिजे. वरून मातीचा थर घालू नका. सालपटं, फरच्या किंवा पाइनच्या सुया यांचं दोन-तीन इंच आच्छादन पुरे, तेही खोडापासून थोडं दूर.

आमच्याकडे पाऊस भरपूर असतो ही समजूत जुलैमध्ये महागात पडते. जुलै-ऑगस्ट इथे कोरडे जातात, आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या नेमक्या तेव्हाच तयार होत असतात. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी बसेल असं बघा. मुळांच्या गोळ्यात बोट खुपसून ओल तपासा, बाजूची माती ओली असली तरी गोळा कोरडा असू शकतो.

जाती कुठल्या, हे तुमच्याकडे जागा किती आहे ते कळल्यावरच सांगता येईल. 'जाँ मारी द माँटेग्यू' हा लालभडक, इथला जुना विश्वासू. 'युनिक' आटोपशीर, पिवळसर क्रीम रंगाचा. लहान बागेला माझी पहिली शिफारस मात्र याकुशिमानमची. जपानच्या याकुशिमा बेटावरच्या डोंगरमाथ्यावरचं हे झाड. कोवळी पानं उभी, पांढऱ्या लवेने झाकलेली निघतात. महिन्याभरात वरची लव झडते, खालच्या बाजूला मऊ तपकिरी थर राहतो, पान उलटून बोट फिरवून बघा. कळ्या गुलाबी, उमलल्यावर पांढऱ्या. फुलं दोन-तीन आठवडे, पण अशी पानं वर्षभर बघायला मिळतात.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

रानवाटा | २६ मार्च, रात्री ११:०५

फार सुंदर लिहिलंय. एप्रिलच्या सुरुवातीला चोपता-तुंगनाथला गेलो होतो तेव्हा सगळा उतार बुरांसने लाल झाला होता. खाली सखल भागात गडद लाल आणि वर चढत जावं तसा गुलाबी. तेव्हापासून डोक्यात आहे. मी पुण्यात राहतो, उत्तरेकडच्या गॅलरीत दिवसभर सावली असते. कुंडीत जमेल का?

पागोळी | २७ मार्च, सकाळी ७:२०

रानवाटा, नाही जमणार. सावली आहे, पण अडचण उष्णतेची आहे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कुंडीतली माती तापते आणि ही बारीक मुळं ते सोसत नाहीत. वर नळाचं किंवा बोअरचं पाणी क्षारयुक्त असलं तर पानं पिवळी पडतात. ऑनलाइन 'ऱ्होडोडेंड्रॉनच्या बिया' विकायला असतात, त्यात पैसे घालू नका. त्या गॅलरीत अबोली, पीस लिली, बिगोनिया आनंदाने राहतील.

सह्याद्रीत ऱ्होडोडेंड्रॉन आहे, पण पार दक्षिणेला. निलगिरी, अनामलाई, पळणी या डोंगरांवर शोला जंगलांच्या कडेने आर्बोरियमची निलगिरिकम ही उपजाती वाढते. उटीला दोड्डबेट्टाच्या आसपास दिसते. आपलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर, आणि ही झाडं खरी रमतात ती त्याहून वरच्या गारव्यात.

डोंगरभाऊ | २७ मार्च, सकाळी ८:५०

रानवाटा, बघायचंच असेल तर सिक्कीम गाठा. पश्चिमेला बार्से आणि उत्तरेला युमथांगच्या वाटेवर शिंग्बा, दोन्ही ऱ्होडोडेंड्रॉनची अभयारण्यं आहेत. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर १८४८ ते १८५० या काळात तिकडेच फिरला आणि बियांची पुडकी लंडनच्या क्यू वनस्पतिबागेत पाठवली. त्यातली ग्रिफिथियानम ही मोठ्या पांढऱ्या सुवासिक फुलांची जात पुढे इंग्लंडमध्ये ससेक्सच्या लेनर्डस्लीला सर एडमंड लोडर यांनी चीनच्या फॉर्च्युनीशी जुळवली, १९०१ मध्ये. तोच 'लोडरी' गट. आज सिअ‍ॅटल-पोर्टलंडच्या जुन्या बागांत 'लोडरी किंग जॉर्ज' फुलतो तेव्हा त्याच्या अंगात सिक्कीमच्या डोंगराचा अंश असतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मी स्वतः न्यू जर्सीत आहे आणि आमच्याकडचं गणित पागोळीताईंपेक्षा बरंच वेगळं आहे. लोडरी इथल्या थंडीत टिकत नाही. आमच्याकडे 'रोझियम एलेगन्स', 'सिंटिलेशन' आणि 'पीजेएम' यांवर भिस्त. पीजेएमचं नाव मॅसॅच्युसेट्सच्या पीटर जे. मेझिट यांच्या आद्याक्षरांवरून आलंय. पानं लहान, हिवाळ्यात तांबूस काळपट होतात आणि एप्रिलमध्ये सगळ्यांच्या आधी जांभळी फुलं. अर्ध्या उन्हातही चालतं. लाल हवा असेल तर 'नोव्हा झेम्ब्ला', पण त्याला मूळकूज लवकर लागते, निचरा चोख ठेवा.

आमच्याकडे झाड थंडीने कमी आणि वाऱ्याने जास्त वाळतं. जमीन गोठलेली, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वर फेब्रुवारीचं ऊन-वारं पानांतलं पाणी खेचतं. म्हणून वायव्येकडून आडोसा द्या, आणि नोव्हेंबरमध्ये जमीन गोठण्याआधी एकदा भरपूर पाणी द्या. कडाक्याच्या थंडीत पानं खाली लोंबून विडीसारखी गुंडाळतात ते बघून नवीन लोक घाबरतात. तो झाडाचा स्वतःचा बचाव आहे, ऊब आली की पानं पुन्हा उघडतात. मोडायला किंवा गरम पाणी ओतायला जाऊ नका.

आणि हरणं. पानं विषारी असली तरी उपाशी हरणं हिवाळ्यात ती खातात. डिसेंबर ते मार्च जाळी लावण्याला मला तरी पर्याय सापडलेला नाही.

निळीशाई | २८ मार्च, दुपारी १:१५

पागोळी, तुमच्या लेखामुळे धीर आला म्हणून विचारते. आम्ही सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला. घराच्या उत्तर भिंतीला लागून चार ऱ्होडो आहेत, आधीच्या मालकांनी लावलेले. भिंतीपासून लांब आहेत ते हिरवेगार. भिंतीला चिकटून आहेत त्यांची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. कोणी म्हणतं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घाला, कोणी म्हणतं कॉफीचा चोथा. शेजारच्या आजी एप्सम सॉल्ट म्हणतात. काय करू?

पागोळी | २८ मार्च, रात्री ८:३०

निळीशाई, तुम्ही स्वतःच उत्तराच्या अगदी जवळ आला आहात. भिंतीजवळचे पिवळे आणि लांबचे हिरवे, म्हणजे संशय पायाच्या काँक्रीटवर. काँक्रीटमधला चुना हळूहळू मातीत उतरतो, मातीचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) चढतो आणि जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. यांना सामू साधारण ४.५ ते ६ लागतो. दोन्ही ठिकाणची माती वेगवेगळी तपासून घ्या, फरक लगेच कळेल.

अ‍ॅल्युमिनियम सल्फेट नको. हायड्रेंजिया निळा करायला ते वापरतात म्हणून लोक सुचवतात, पण ऱ्होडोडेंड्रॉनच्या मुळांना साचलेलं अ‍ॅल्युमिनियम बाधतं. सामू उतरवायचा असेल तर साधं गंधक, पाकिटावरच्या मापाने आणि धीराने, परिणाम दिसायला महिने लागतात. तोवर चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं तर पानं सुधारतील, पण तो तात्पुरता आधार. कॉफीच्या वापरलेल्या चोथ्यात आम्ल फारसं उरत नाही, आणि जाड थर दिला तर तो वाळून पापुद्रा धरतो आणि पाणी अडवतो. कंपोस्टमध्ये थोडा मिसळा, मुळावर ओतू नका. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, तुमची कमतरता लोहाची दिसते. शेकोटीची राख तर अजिबात नको, ती सामू वाढवते.

माझा खरा सल्ला वेगळा आहे. झाडं हलवा. मुळं उथळ असल्यामुळे मोठा ऱ्होडोसुद्धा मुळांच्या थाळीसकट उचलता येतो, फार कमी मोठी झाडं इतकी सोशिक असतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस सुरू झाला की भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आणा. उचलताना खोडाला धरून ओढू नका, खालून ताडपत्री सरकवून दोघांनी न्या.

निळीशाई | २८ मार्च, रात्री ९:१०

खूप धन्यवाद. हलवता येतात हे माहीतच नव्हतं. माती तपासायला देते आणि इथे कळवते.

टेम्सकाठी | २९ मार्च, पहाटे ३:३०

इंग्लंडमधून लिहितोय, रेडिंगजवळ. आमच्याकडे जमीन चुनखडीची आणि नळाचं पाणी किटलीत पांढरा थर बसवणारं. इथे जमिनीत ऱ्होडो लावणं म्हणजे झाडाला शिक्षा. जमिनीत खड्डा करून त्यात आम्लधर्मी माती भरायची युक्ती काही वर्षंच टिकते, आजूबाजूचा चुना आत झिरपतोच. त्यापेक्षा मोठी कुंडी, एरिकेशियस कंपोस्ट (आम्लधर्मी कुंडीमिश्रण) आणि छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच वापरायचं. यक, म्हणजे याकुशिमानमच्या, जाती कुंडीत अनेक वर्षं सुखाने राहतात. जर्मनीत 'इन्कारो' नावाचे चुना सोसणारे खुंट तयार केलेत, त्यावर कलम केलेली रोपं इथे मिळतात. सामू ७ च्या आसपास असेल तर ती घेऊन बघावीत, निव्वळ चुनखडीवर त्यांच्याकडूनही अपेक्षा ठेवू नये.

एक कळकळीची विनंती. पाँटिकम ही जांभळी जात कोणी कटिंग देऊ केलं तरी घेऊ नका. स्नोडोनियात आणि आयर्लंडमध्ये किलार्नीला तिने ओकची जंगलं आतून भरून टाकली आहेत. तिच्याखाली जमिनीवर काहीच उगवत नाही, आणि तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. रानात ती लावणं किंवा पसरू देणं हा इंग्लंड-वेल्समध्ये गुन्हा आहे. जुन्या बागांत कलमाच्या खालून खुंट फुटून हीच वर येते, तेव्हा बुडातून निघणारे अनोळखी फुटवे वेळीच काढा.

सुगरण_मी | २ एप्रिल, सकाळी १०:००

उत्तराखंडहून आणलेलं बुरांसचं सरबत आमच्याकडे सगळ्यांना फार आवडतं. आमच्या पोर्टलंडच्या अंगणात लाल ऱ्होडो भरभरून फुललाय. त्याच्या पाकळ्यांचं करता येईल का?

पागोळी | २ एप्रिल, सकाळी १०:२५

सुगरण, कृपा करून करू नका! लगेच लिहिते आहे कारण हे महत्त्वाचं आहे. बुरांसचं सरबत हे एका विशिष्ट जातीच्या पाकळ्यांचं, ती जात ओळखणाऱ्या लोकांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. तुमच्या अंगणातलं झाड अनेक जातींचा संकर आहे. ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं, पानांत, फुलांत, मधुरसातसुद्धा. जातीप्रमाणे प्रमाण बदलतं. त्याने उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. काळ्या समुद्राकाठी ट्रॅब्झॉनच्या परिसरात इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये झेनोफोनचे ग्रीक सैनिक ऱ्होडोच्या मधुरसाचा मध खाऊन आडवे पडल्याची नोंद त्याने स्वतः केली आहे.

घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर झाड कुंपणाआड लावा. कोणी खाल्लंच तर वाट न बघता विषबाधेच्या मदतवाहिनीला किंवा पशुवैद्याला फोन करा. झाडाला हात लावल्याने काही होत नाही.

सुगरण_मी | २ एप्रिल, सकाळी १०:४०

बाप रे. बरं झालं विचारलं. वहिनीकडे बकऱ्या आहेत, तिलाही कळवते.

पागोळी | २ एप्रिल, सकाळी १०:५२

बकऱ्यांसाठी तर नक्की कळवा. छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे टाकल्या आणि बकऱ्यांनी खाल्ल्या, हे वरचेवर घडतं.

विलामेट | ५ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

मी थोडं वेगळं मत मांडतो. पोर्टलंडजवळ बीव्हरटनला आमच्या दक्षिण अंगणात 'अ‍ॅना क्रुश्के' पूर्ण उन्हात आहे आणि सावलीतल्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त फुलतो. सावलीचा आग्रह धरून लोक झाडं कोपऱ्यात ढकलतात आणि मग फुलत नाहीत म्हणून तक्रार करतात. उजेडाशिवाय कळी नाही, हे आधी सांगायला हवं.

पागोळी | ५ एप्रिल, रात्री ९:००

विलामेट, उजेडाशिवाय कळी नाही हे शंभर टक्के मान्य. अ‍ॅना क्रुश्के ऊन सोसणाऱ्यांतला आहे हेही खरं. पण जून २०२१ ची उष्णतेची लाट आठवा. २८ तारखेला पोर्टलंडला ११६ फॅरनहाइट आणि सिअ‍ॅटलला १०८. त्यानंतर आमच्या गल्लीतून चालताना कुठल्या झाडावर किती वाजता ऊन येतं हे पानांवर वाचता येत होतं. पश्चिमेची बाजू कागदासारखी तपकिरी, पूर्वेची हिरवी, एकाच झाडावर. फरखालच्या झाडांना जवळपास काही झालं नाही. पुढे अशा लाटा पुन्हा येतील हे धरून मी नवीन माणसाला दुपारची सावलीच सुचवेन.

विलामेट | ५ एप्रिल, रात्री ९:४०

त्या आठवड्यात आमचंही होरपळलं होतं, नवा फुटवा सगळा गेला. तरी आहे तिथेच ठेवणार, दुसऱ्या वर्षी सावरलं. नवीन लावणाऱ्यांना तुमचा सल्ला योग्य.

अंगणवेल | २३ मे, दुपारी ४:२०

धागा वर काढते आहे. तीन शंका. एक, फुलं सुकलीत, ती तोडायची का? दोन, पानांच्या कडांना अर्धगोल खाचे पडलेत. तीन, दुसऱ्या एका झाडाची पानं वरून पांढुरकी ठिपकेदार झालीत. आणि बाग सांभाळायला येणाऱ्या माणसाने गेल्या ऑक्टोबरात झाड गोल चेंडूसारखं कापलं, यंदा त्यावर एकही फूल नाही. मी मनापासून जपलेलं झाड होतं, वाईट वाटतं.

पागोळी | २३ मे, रात्री ८:१०

अंगणवेल, शेवटचं आधी. झाड सुखरूप आहे. ऑक्टोबरात फांदीच्या टोकाला पुढच्या वसंताच्या कळ्या तयार असतात, कापणीत त्या गेल्या. यंदा ते झाड तसंच सोडा, पुढच्या वर्षी फुलेल. बागवानाला लिहून द्या की छाटायचं ते फुलं संपल्यावर लगेच, आणि कात्री पानांच्या चक्राच्या जरा वर लावायची.

सुकलेली फुलं तोडली तर बी धरण्यात जाणारी ताकद वाचते, तरुण झाडाला फायदा होतो. कात्री नको. सुकलेल्या गुच्छाचा देठ अंगठा आणि तर्जनीत धरून बाजूला वाकवा, कटकन मोडतो. त्याच्या अगदी बुडाशी दोन-तीन कोवळे फुटवे असतात, पुढच्या वर्षीची फुलं त्यांच्यावरच येणार. तिथे बोट लागू देऊ नका. हात चिकट होतात, जुने हातमोजे घाला. झाड दहा फूट उंच झालं की मात्र हे सोडून द्या, फुलायचं ते फुलतंच.

कडांचे खाचे मूळभुंग्यांचे. प्रौढ भुंगा रात्री पानं कुरतडतो, ते फक्त दिसायला वाईट. नुकसान करतात त्याच्या अळ्या, मातीत मुळं आणि बुडाची साल खातात. रात्री विजेरी घेऊन जा, खाली चादर अंथरून फांदी हलवा, भुंगे खाली पडतात, साबणाच्या पाण्यात टाका. सप्टेंबर-ऑक्टोबरात माती ओली आणि अजून उबदार असताना अळ्यांना मारणारे परजीवी सूत्रकृमी सोडता येतात. पीजेएमला हे भुंगे फारसे तोंड लावत नाहीत.

ठिपक्यांसाठी पान उलटून बघा. खाली डांबरासारखे काळे कण आणि जाळीदार पंखांचे बारीक किडे दिसले तर तो अझेलिया लेस बग. इकडे अमेरिकेच्या वायव्येला २००८-०९ च्या सुमारास आला आणि आता सगळीकडे आहे. ऊन आणि कोरडेपणा असेल तिथे जोर करतो, हेही सावलीच्या बाजूचं एक कारण. पिल्लं पंखाविना असतात तेव्हा, म्हणजे साधारण मे-जूनमध्ये, पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा दर काही दिवसांनी मारत राहा. मुळातून शोषली जाणारी कीटकनाशकं घालू नका, ती फुलांच्या मधुरसात उतरतात आणि मधमाश्यांचा जीव घेतात.

डोंगरभाऊ | २४ मे, सकाळी ७:४५

छान उत्तर. मला एक सांगा, आमचं जुनं झाड खाली पूर्ण उघडं, दहा फुटांवर पानं. बुंध्यापासून कापलं तर फुटेल?

पागोळी | २४ मे, सकाळी ९:३०

खडबडीत सालीचं असेल तर बहुधा फुटेल, सालीखाली सुप्त डोळे असतात. गुळगुळीत, सोलपटणाऱ्या सालीच्या थॉमसोनीसारख्या जातींवर हा प्रयोग करू नये. एकदम सगळं न कापता दरवर्षी एक तृतीयांश फांद्या, हिवाळा संपता संपता. त्या फांद्यांवरची फुलं काही वर्षं जातील. आणि आधी विचार करा, कापायलाच हवं का? खालच्या फांद्या साफ करून त्याचं छोटं झाड करा, वाकडं खोड मोकळं दिसू द्या, खाली नेचे आणि ट्रिलियम लावा. मला जुने ऱ्होडो असेच आवडतात. पोर्टलंडच्या क्रिस्टल स्प्रिंग्ज बागेत तळ्याकाठी अशी कितीतरी झाडं बघायला मिळतील.

निळीशाई | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

पागोळी, मातीचा अहवाल आला होता. भिंतीजवळ सामू ७.१ आणि पुढच्या वाफ्यात ५.६, तुम्ही म्हणालात तसंच. ऑक्टोबरात हलवणार आहोत. त्याच वेळी दोन नवीन रोपंही लावायची आहेत. आत्ता घेतलेली चालतील, की वसंतात फुलं बघून घ्यावीत?

पागोळी | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

उत्तम बातमी! आपल्या भागात आत्ताच घ्या. ऑक्टोबरच्या पावसात लावलेलं रोप हिवाळाभर मुळं धरतं आणि पुढच्या जुलैला सामोरं जायला तयार असतं. (डोंगरभाऊंच्या भागात वसंतातलं लावणं जास्त सुरक्षित.) रंगांची खात्री करायची असेल तर यंदा रोपं घ्या आणि एप्रिल-मेमध्ये फेडरल वेच्या ऱ्होडोडेंड्रॉन स्पीशीज बागेत एक दिवस काढा. फरच्या छपराखाली २२ एकरांत जगभरच्या जाती आहेत, पुढच्या खरेदीची यादी तिथेच तयार होईल.

नर्सरीत गेल्यावर फांद्यांची टोकं बघा. गोल, टपोरी कळी फुलाची आणि बारीक, टोकदार कळी पानाची. सगळ्या फांद्यांवर फुलाच्याच कळ्या लगडलेल्या असतील तर ते झाड खताने पळवलेलं असतं, नव्या जागी रुळायला वेळ घेतं. थोड्या फुलाच्या, थोड्या पानाच्या असं मिश्र झाड निवडा. मग तिथल्या माणसाला कुंडी काढून मुळं दाखवायला सांगा, चांगल्या नर्सरीत नाही म्हणत नाहीत. गोळ्याच्या कडेला पांढरी, ताजी टोकं दिसली तर घ्या. मुळं तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची असतील तर झाड कितीही हिरवं दिसो, परत ठेवा.